एका माशापुरती वीज

लोक हिमाचलला जातात, केरळला जातात, गेला बाजार अष्टविनायक तरी करून येतात. आम्ही पवनेच्या काठावर एक रात्र राहून आलो. आमच्या तळेगावच्या घरापासून तिथं पोचायला दीड तासही लागत नाही. पण या दीड तासाच्या प्रवासाला निघायला आम्हाला तीन वर्षं लागली, तेव्हा त्याचं वर्णन लिहिण्याचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

आधी माणसं सांगते. आमचे श्रीकांतराव मूळचे लोणावळ्याचे. शाळेत ज्या बाकावर ते बसले त्याच बाकावर रशीद तांबोळी बसले आणि ती मैत्री आजतागायत टिकली. रशीदभाईंचं लोणावळ्यात चिक्कीचं दुकान आहे, मागच्या अंगाला भट्टी. दोघांची लग्नं झाल्यापासून एक रिवाज पडला होता. थंडीत एकदा रशीदभाई, त्यांची बायको नसरीन, श्रीकांतराव आणि मी पवनेकाठी जायचं, धोंडूभाऊंच्या शेताच्या कडेला रशीदभाईंचा तंबू ठोकायचा आणि एक रात्र काढून परत यायचं. तंबू मोठा, मधे पडदा. एका बाजूला पुरुष, एका बाजूला आम्ही. आणि श्रीकांतरावांचं घोरणं हे त्या सहलीचं मुख्य आकर्षण. समोरच्या तुंग किल्ल्यावरून त्याचा प्रतिध्वनी ऐकू येतो, असं रशीदभाई वर्षभर दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी श्रीकांतरावांना सांगितलं की झोपेत तुमचा श्वास मधेमधे थांबतो. मला हे सांगायला डॉक्टर नको होते. घोरणं थांबलं की मी दचकून जागी व्हायचे आणि पुन्हा सुरू झालं की निर्धास्त झोपायचे, अशी माझी कितीतरी वर्षं गेली. मग घरात एक यंत्र आलं. नाकावर मुखवटा, त्याला नळी, नळीतून रात्रभर हवा. घोरणं बंद झालं आणि मी माणसासारखी झोपू लागले.

पण यंत्राला वीज लागते आणि तंबूत वीज नसते. एवढं रशीदभाईंना सांगितलं असतं तर विषय संपला असता. पण नाही. घोरणं हा पुरुषार्थ आणि मुखवटा हा आजार, असं आमच्या घरातलं शास्त्र. पहिल्या वर्षी ऑडिट आलं. दुसऱ्या वर्षी कंबर धरली. तिसऱ्या वर्षी एका भाच्याचं लग्न निघालं, ज्याच्या मुलाच्या बारशाला आम्ही आधीच जेवून आलो होतो.

यंदा रशीदभाईंनी फोन मला केला. "वहिनी, श्रीकांतला सांगा, या वर्षीही येणार नसेल तर तंबू देऊन टाकतो. कामशेतचा एक कॅम्पवाला मागतोय. दोघांसाठी एवढं धूड माळ्यावर ठेवून काय करू?" नेहमी अर्धं वाक्य हसण्यात घालवणारा माणूस हे सगळं सरळ बोलला. मी निरोप जसाच्या तसा ताटाशेजारी वाढला. श्रीकांतरावांनी आमटीभात संपवला, हात धुतले आणि म्हणाले, "आपण पॉवर स्टेशन घेऊ."

देहूरोड

पॉवर स्टेशन म्हणजे मूठ असलेली एक पेटी. आत मोठी बॅटरी, बाहेर घरातल्यासारखे प्लग, मोबाईलच्या वायरींची भोकं आणि किती टक्के वीज शिल्लक आहे ते दाखवणारा छोटा पडदा. तंबूत न्यायची, एरवी घरी लाईट गेली की वापरायची.

पुढचे पंधरा दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं होतं. श्रीकांतराव व्हिडिओ बघायचे आणि मला शिकवायचे. मी शाळेत गणित शिकवते, पण घरात मी ढ विद्यार्थिनी आहे. वॉट म्हणजे नळाची धार आणि वॉट-अवर म्हणजे टाकीतलं पाणी, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की स्वप्नात टाकी वाहू लागली. धार लहान असली तर मिक्सर चालत नाही. टाकी लहान असली तर पहाट होण्याआधी सगळं थंड. आत बॅटरी कुठल्या जातीची आहे हेही बघायचं असतं. एक जात हलकी असते, पण लवकर थकते. दुसरी जरा जड, पण कमी तापते आणि वर्षानुवर्षं टिकते. "माणसांसारखंच आहे," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं, कारण ते स्वतः दुसऱ्या जातीचे आहेत.

खरेदीला आम्ही देहूरोडला गेलो. तळेगावात हे मिळत नाही असं नाही, पण तिथं ओळखीचं कुणी भेटलं असतं. देहूरोडच्या बाजारात एका बाईंचं दुकान आहे, लष्कराच्या डेपोतल्या लोकांची तिथं कायम ये-जा. आम्ही आत शिरलो आणि काउंटरवर आमच्याच सोसायटीचे सेक्रेटरी गिझरची कॉइल घेत उभे. श्रीकांतरावांचा चेहरा उतरला.

दुकानदारीणबाईंनी नेमका पहिला प्रश्न विचारला, "चालवायचं काय आहे?"

"काही नाही, हेच आपलं. मोबाईल, एखादा दिवा."

बाईंनी सगळ्यात लहान पेटी पुढे केली. मी खोकले.

"आणि समजा," श्रीकांतराव आवाज उतरवून म्हणाले, "एखादं असं यंत्र असेल, जे रात्रभर हवा सोडत राहतं."

"फिश टँकचा पंप?"

"हो. तसंच."

"मासे किती आहेत?"

"एकच."

"मोठा आहे," मी म्हटलं.

बाई धंद्याला पक्क्या होत्या. पंप किती वॉटचा, रात्रीतून किती तास, त्याला गरम पाणी लागतं का, सगळं त्यांनी विचारलं आणि श्रीकांतराव माशाच्या नावानं स्वतःची सगळी दुखणी सांगून मोकळे झाले. यंत्रातलं हवा ओलसर करणारं गरम पाण्याचं भांडं बंद ठेवलं तर हवा कोरडी येईल, पण वीज निम्मी लागेल, हेही ठरलं. "पण शुद्ध लहरीची, घरातल्यासारखी वीज हवी," त्यांनी बजावलं. "माशाला काय कळतंय?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी मधली पेटी काढली. मोठी पेटी उचलायला हमाल लागला असता आणि लहान पेटीत मासा पहाटेच तडफडला असता. मधली बाजाराच्या पिशवीइतकी जड, उचलून चार पावलं चालता येईल अशी. बाहेर पडताना सेक्रेटरींनी विचारलं, "मासा पाळलात? कुठला?" श्रीकांतराव म्हणाले, "देशी."

घरी येऊन एक रात्र रीतसर परीक्षा झाली. शंभर टक्क्यांवर यंत्र लावून झोपले, सकाळी साठ उरले होते. म्हणजे एका रात्रीला चाळीस लागतात. पेटी भरून नेली तर दोन रात्री निघतील आणि आपल्याला जायचं एका रात्रीसाठी. गणिताची शिक्षिका या नात्यानं मीही मान डोलावली. दोघांनीही हिशेब फक्त विजेचा केला, माणसांचा केला नाही.

लोणावळा

लोणावळ्याला आमची गाडी रशीदभाईंच्या दारात ठेवून चिक्की पोचवायच्या त्यांच्या व्हॅनमधून पुढे जायचं, हा जुना शिरस्ता. भेट जरा अवघडच झाली. दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवले आणि लगेच काढून घेतले. रशीदभाई म्हणाले, "बरा आहेस." श्रीकांतराव म्हणाले, "कंबर आता बरी आहे." नसरीननं माझ्याकडे पाहिलं, मी गुळाच्या ढेपीकडे.

फोनवर नव्या पेटीची बढाई मारायची एक चूक श्रीकांतरावांनी आधीच करून ठेवली होती. ती तंबूत दिव्यासाठी आणि 'जरा सोय म्हणून' आणली आहे असं त्यांनी सांगितलं होतं. त्यांचं यंत्र आमच्या कपड्यांच्या पिशवीत, माझ्या शालीत गुंडाळलेलं. आता व्हॅनमध्ये बघते तर तंबूशेजारी नसरीनचा मिक्सर. "लाईट आहेच तर पाट्यावर कोण वाटणार, ताई." आणि रशीदभाईंनी भट्टीचा ब्लोअर घेतलेला. कोळशाला हवा घालणारा पंखा असतो, तो. "कोळसा असा फुलेल की बघत राहा. तुझी पेटी आहेच."

"आहे की," श्रीकांतराव म्हणाले.

दुधिवऱ्याच्या खिंडीतून पलीकडे उतरलं की पवनेचं पाणी दिसतं. डावीकडे तिकोना, समोर तुंग, मधे थंडीतलं निळं पाणी. दरवेळी इथं रशीदभाई गाडी हळू करतात. यंदाही तसंच झालं. तीन वर्षं मी हे काय म्हणून गमावलं, असं मनात आलं आणि माझा मलाच राग आला. यांच्या बहाण्यांना मीही मान डोलावत होतेच की.

पवनेचा काठ

धोंडूभाऊ आणि त्यांची बायको सरूमावशी बांधावर उभे होते. "तीन साल कुटं गेलता?" मावशींनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आमच्या हातात घाट्यांच्या डहाळ्या दिल्या. हिरवे हरभरे सोलत तंबू उभा करायचा, ही पण जुनी रीत.

तंबू उभा राहिला आणि श्रीकांतरावांनी पेटी बाहेर काढली. पडद्यावर शंभर.

नसरीननं सुकं मटण करायला घेतलं. वाटणासाठी मिक्सर लावला. भांडं खोबऱ्यानं गच्च भरलेलं. पेटी पीं करून बंद पडली. श्रीकांतरावांचा चेहरा उजळला. "ओव्हरलोड. मिक्सर झेपणार नाही तिला." पण नसरीन कमी नाही. तिनं अर्धं भांडं भरलं, थांबत थांबत फिरवलं आणि मिक्सर चालला. मग आल्या-लसणाचं झालं, मग कोथिंबिरीचं. मग रशीदभाईंचा ब्लोअर लागला. कोळसा खरंच असा फुलला की बघत राहावं, आणि तो फुलतच राहावा म्हणून ब्लोअर दुपारभर चालू राहिला.

चारच्या सुमाराला सरूमावशी हातात सूप घेऊन आल्या. मला वाटलं तांदूळ निवडायला आणलेत. सुपात मोबाईल होते. घरातले, दिराचे, जावेचे, शेजारच्या तीन घरांतले. "सकाळधरनं लाईट न्हाई, डीपी उडालीय. रशीदभाऊ म्हनलं तुमच्याकडं लाईटीची पेटी हाय."

"लावा की मावशी," श्रीकांतराव म्हणाले. "त्यात काय विचारायचं?"

आपल्याकडे पाहुण्यानं नाही म्हणायचं नसतं आणि यजमानानंही नाही म्हणायचं नसतं. इथं तर नक्की कोण पाहुणा आणि कोण यजमान हेच कळत नव्हतं. जागा धोंडूभाऊंची, तंबू रशीदभाईंचा, वीज आमची. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती मी त्या दुपारी टक्क्याटक्क्यानं जवळ येताना पाहिली. ऐंशी. एकाहत्तर. श्रीकांतराव गप्पा मारायचे, पण मधेच उठून 'सहज' पेटीपाशी जाऊन यायचे. ऊन तिरकं झालं तेव्हा पंचेचाळीस होते. मी भुवया उंचावल्या, त्यांनी मान हलवली. मग धोंडूभाऊ देवळातल्या भजनाचा स्पीकर घेऊन आले. आज शनिवारचं भजन, स्पीकर मेलेला. "थोडा येळ लावा, मंग घेऊन जातो."

"अवश्य," श्रीकांतराव म्हणाले. असा छापील शब्द ते घाबरल्याशिवाय वापरत नाहीत.

सूर्य तुंगाच्या खांद्याला टेकला आणि पडद्यावर अठ्ठावीस आले. श्रीकांतराव मला तंबूमागे घेऊन गेले. "मी आज झोपतच नाही," ते म्हणाले. "शेकोटीपाशी बसतो. चांदणं छान असतं, असं म्हणायचं. कुणाला कळणार नाही."

मला फार राग आला आणि रागाच्या खाली भीती होती. हा माणूस बसल्या जागी पेंगणार, मान खाली पडणार, आणि श्वास थांबला की ओळखायला मी पडद्यापलीकडे. "घरी जाऊ या," मी म्हटलं. "आत्ता. कंबर दुखते म्हणून सांगते मी."

"नको," ते म्हणाले. "मग तंबू जाईल."

तेवढ्यात पुढून रशीदभाईंचा आवाज आला. ते अंथरुणं घालत होते. "श्रीकांत, तू दाराशी झोप नेहमीसारखा. हल्ली दुकान मुलगा बघतो. अंग थकत नाही, झोप येत नाही. आज तुझं घोरणं ऐकत झोपेन म्हणून आलोय खरं सांगायचं तर."

श्रीकांतराव तंबूपुढे आले. मग त्यांनी पिशवी आणली, माझी शाल उलगडली आणि यंत्र नेऊन सगळ्यांसमोर चटईवर ठेवलं. "घोरणं आता मिळणार नाही," ते म्हणाले. "झोपेत श्वास थांबतो माझा. हे लावून झोपतो. तीन वर्षं." आणि शब्द पुरेनात म्हणून की काय, त्यांनी मुखवटा लावूनही दाखवला.

कुणी हसलं नाही. सरूमावशी वाकून बघत म्हणाल्या, "मळनीला बैलांस्नी आमी असंच मुसकं घालायचो."

"बैल खायाचा थांबायचा," धोंडूभाऊ म्हणाले. "ह्ये घोरायचं थांबत्यात. येकच हाय."

रशीदभाई मात्र गंभीर होते. "तीन वर्षं," ते म्हणाले. "तीन वर्षं मला वाटतंय मी तुला दुखावलं. तुझ्या घोरण्यावरनं दुकानात सगळ्यांना हसवतो, ते तुझ्या कानावर गेलं असेल. नसरीनलाही तसंच वाटायचं."

"मग विचारायचं नाही?"

"कसं विचारणार? आणि तू सांगायचं नाही?"

  "अठ्ठावीस उरलेत आणि चाळीस लागतात," मी म्हटलं, कारण कुणीतरी मुद्द्यावर यायला हवं होतं.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. नसरीननं ब्लोअर उपसला. मावशींनी स्पीकर धोंडूभाऊंच्या काखेत दिला, "आज आवाज काढून म्हना," असं सांगून, आणि एकेक मोबाईल काढून सुपात टाकला. "आदी सांगायचं न्हाई व्हय," त्या श्रीकांतरावांना म्हणाल्या. "लोकांच्या फोनापायी सोताचा श्वास दिऊन बसला असता की. आमी परकं हाय का?"

पेटीच्या खोक्यात गाडीतून चार्ज करायची वायर आली होती. ती रशीदभाईंनी व्हॅनला लावली आणि मग पेटी मधल्या सीटवर ठेवून तिला पट्टा बांधला. "उभ्या गाडीत डिझेल जाळणं मला जमायचं नाही," ते म्हणाले. "चल, बस." दोघं मित्र आणि त्यांच्या मधे ती पेटी, अशी व्हॅन धरणाच्या रस्त्यानं पवनानगरकडे निघून गेली.

आम्ही तिघी, मोबाईल परत देऊन रिकाम्या झालेल्या सुपानं कोळशाला वारा घालत बसलो. सुपाला टक्के लागत नाहीत. मटण उत्तम झालं, मावशींनी तांदळाच्या भाकरी थापल्या, आणि हे दोघे काही येईनात. आले तेव्हा मटण गार झालेलं, हातात कांदाभज्यांचा पुडा आणि पडद्यावर अठ्ठावन्न. "एवढा वेळ काय बोलत होतात?" मी विचारलं. "काही नाही," श्रीकांतराव म्हणाले, "गाडी चालवत होतो." "आणि तुम्ही?" "मी पेटी धरली होती," रशीदभाई म्हणाले. म्हणजे गाडी श्रीकांतराव चालवत होते. रशीदभाई आपली व्हॅन पोटच्या मुलालाही सहजी देत नाहीत.

रात्रीचं मी काही सांगू शकत नाही. मी झोपले होते.

दुसरा दिवस

सकाळी पाण्यावर धुकं होतं. श्रीकांतराव ताजेतवाने होऊन दात घासत बांधावर फिरत होते, पेटीवर अठरा टक्के शिल्लक होते आणि नसरीन त्यावर डोळा ठेवून मिक्सर पुसत होती. "मासा उठला ना? मग उरलेल्यात चटणी करते." देहूरोडची गोष्ट व्हॅनमध्ये सांगून झालेली दिसली.

रशीदभाई चुलीपाशी बसले होते. डोळे लाल, घोंगडी डोक्यावरून.

"झोप नाही झाली?" मी विचारलं.

"कशी होणार, वहिनी? आवाजच नाही. सगळं सामसूम. मधेच जाग आली की वाटायचं, हा आहे ना? दोनदा उठून याच्या छातीवर हात ठेवला, श्वास चालू आहे का बघायला."

मी त्यांच्या हातात चहा दिला.  "रशीदभाई," मी म्हटलं, "यंत्र यायच्या आधी मी रोज रात्री तेच करत होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बांधावरच्या मित्राकडे.

दुपारी लोणावळ्याला परतलो. मी चिक्कीचे पुडे आमच्या गाडीत ठेवत होते, तेवढ्यात रशीदभाई तंबूचं गाठोडं पाठीवर घेऊन आले, आमची डिकी उघडली आणि ते धूड पेटीशेजारी कोंबलं.

"हे काय?" श्रीकांतराव म्हणाले. "तंबू तुझा आहे."

"तुझ्याकडे राहू दे," रशीदभाई म्हणाले. "इथून पुढे बोलावणं तू करायचं. बहाणा करायचा झाला तर तो मला करू दे."